जत्रेला जाऊ देतील का, ते आधी विचार

प्रिय मावशी,

वय 26. चार वर्षं एका रोजच्या मालिकेत नायिकेचं काम करतेय. सेट घोडबंदर रोडला. गोरेगावला भाड्याच्या घरात मी, दादा, वहिनी आणि माझी सात वर्षांची भाची राहतो. आई-बाबा सांगलीला. रस्त्यात लोक ओळखतात, सेल्फी मागतात. महिन्याचे पंचवीस दिवस शूटिंग, उरलेल्या दिवसांत दुकानाची उद्घाटनं, दहीहंडी, हळदीकुंकू अशा सुपाऱ्या. पैशाचं सगळं दादा बघतो, त्यासाठी त्याने नोकरी सोडली. मला हवं ते तो आणून देतो, माझी तक्रार नाही.

पण मावशी, मला आतून काहीच वाटत नाही. मेकअप उतरवला की आरशात बघवत नाही. सेटवर एकांनी सांगितलं, हनुवटीचं काहीतरी करून घे, क्लोजअपला जड दिसते. रोज रात्री फोनवर माझ्याच फोटोखाली कोण काय म्हणतंय ते वाचत बसते. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला आमच्या एकांकिकेत मी म्हातारीचं काम केलं होतं. ते दिवस आठवले की रडू येतं.

मागच्या महिन्यात एका रात्री ‘भूमिका’ पाहिला. शेवटी ती हॉटेलच्या खोलीत एकटी उरते, ते बघितल्यावर सकाळपर्यंत डोळा लागला नाही. मीही तिथेच चालले आहे का?

एक स्थळ आलंय. नाशिककडचे, द्राक्षबागा, मोठं घर, माणसं चांगली. तो म्हणाला, “तू फार दमलीयेस. लग्नानंतर काही करू नकोस, राणीसारखी राहा.” ऐकून मी रडले, इतकं बरं वाटलं. मालिका सोडून हो म्हणू का? दादाला पटत नाही, तो म्हणतो अजून दोन वर्षं थांब. हल्ली तो भाचीलाही जाहिरातींच्या ऑडिशनला नेतो.

– गोरेगावची एक

*

प्रिय मुली,

चित्रपटाबद्दल बोलायच्या आधी एक विचारते. काहीच वाटत नाही आणि झोप लागत नाही, या दोन गोष्टी किती दिवस चालल्या आहेत? पंधरा दिवसांहून जास्त असतील, तर तो नुसता थकवा समजू नकोस. मनोविकारतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना दादाला नाही, एखाद्या मैत्रिणीला सोबत ने. आणि कधी जीव नकोसा वाटण्यापर्यंत मन गेलं, तर 14416 लाव. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. ‘भूमिका’तल्या तुझ्या उषानेही एकदा झोपेच्या गोळ्या जवळ केल्या होत्या, तेव्हा तिच्याकडे फोन करायला असं कुणी नव्हतं. तुझ्याकडे आहे. हे आधी कर, पुढचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

आता ‘भूमिका’. चित्रपट 1977 चा, मी तो पुढच्या वर्षी आईबरोबर पुण्यात पाहिला. तेव्हा मी कॉलेजात होते. श्याम बेनेगल यांनी तो अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावरून केला, हे तुला माहीत असेलच. हंसाबाईंचं मूळ नाव रतन साळगावकर, पडद्यावर त्या हंसा वाडकर झाल्या. तशीच चित्रपटात उषाची उर्वशी होते. आमच्या मागच्या रांगेतल्या बाई चित्रपट संपल्यावर मोठ्याने म्हणाल्या, “रूप आणि नाव, शेवटी काय हाती लागलं बघा!” तूही मला थोड्या वेगळ्या शब्दांत हेच विचारलं आहेस, की प्रसिद्धी पोकळ असेल तर ती सोडून घरात जावं का.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. एकत्र कुटुंब. एक तारखेला पगार आणायचा आणि थोरल्या काकांच्या हातात द्यायचा, अशी पद्धत. शाळेला जायच्या एसटीचे पैसेही ती रोज सकाळी मागून घ्यायची. काका वाईट नव्हते, कधी नाही म्हणाले नाहीत. त्या रात्री चित्रपट बघून आम्ही चालत घरी निघालो. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तिचं पासबुक कुणाकडे होतं गं?”

मी तेव्हा हसले होते. इतकं सगळं बघून आईला पासबुक सुचावं! स्मिता पाटीलच्या कामाने मी भारावलेली होते, गोविंद निहलानींच्या कॅमेऱ्याने गेलेला काळ काळ्या-पांढऱ्या, तपकिरी रंगांत आणि आजचा काळ रंगीत दाखवला होता, त्याबद्दल मला बोलायचं होतं. आई तिच्या एका प्रश्नाला धरून बसली होती. दुसऱ्या वर्षी तिने पोस्टात स्वतःच्या नावाने खातं काढलं. तो चित्रपट मी नंतर चार-पाच वेळा पाहिला, त्यावर लिहिलेलं बरंच वाचलं, आणि आज मला वाटतं की आईने विचारला तो प्रश्नच त्या गोष्टीचा गाभा आहे.

चित्रपट पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आण, पण या वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, पैसा आणि दाराची किल्ली कुणाच्या हातात आहे ते बघ. बाप दारूडा, तो जातो. घरात गाणं आहे, आजीकडून आलेलं, कलावंतिणींच्या परंपरेतलं. केशव दळवी नावाचा घरोब्याचा माणूस या मुलीला मुंबईच्या स्टुडिओत घेऊन जातो आणि लहान वयातच ती घराची मिळवती होते. पुढे ती त्याच केशवशी लग्न करते, आईचा विरोध असताना. तिच्या मनात असतं की आता काम संपलं, आता आपण संसार करायचा. पण केशवचा स्वतःचा धंदा चालत नाही. तो तिचा नवरा होतो आणि व्यवस्थापकही होतो. करार तो करतो, भूमिका तो ठरवतो, पैसे तो घेतो. ज्या राजन नावाच्या नायकाबरोबर तिला काम करायला लावतो, त्याच नायकाच्या नावाने घरी तिला टोचून बोलतो.

तिच्या आयुष्यातली पोकळी इथून सुरू होते असं मला वाटतं. पडद्यावरचं रूप, पोस्टरवरचं नाव हे त्या पोकळीवर टाकलेलं झाकण आहे. झाकणाला दोष देऊन उपयोग नाही. हजारो बायका रूप नसताना, नाव नसताना याच पोकळीत राहिल्या. माझी आई त्यातली एक. तिला कुणी ओळखत नव्हतं, एवढाच फरक.

म्हणून ‘मला हवं ते दादा आणून देतो’ या तुझ्या वाक्यापाशी मी थांबले. हे वाक्य माझी आई काकांबद्दल जसंच्या तसं बोलायची.

तुझा दादा केशव आहे, असं मी म्हणत नाही. मी त्याला ओळखत नाही, आणि बहिणीसाठी नोकरी सोडणारा भाऊ प्रेमानेही तसं करत असेल. पण त्या घरात चार माणसं एका मुलीच्या चेहऱ्यावर जगत आहेत, आणि ती मुलगी दमली आहे, हे सांगायला सगळ्यात अवघड माणूस तोच आहे. तू थांबलीस तर त्याचं काय, हा प्रश्न त्याच्या प्रत्येक सल्ल्यात मिसळलेला असणार. ‘अजून दोन वर्षं’ हा आकडा तुझ्या तब्येतीवरून आला की घरखर्चावरून, ते त्याला तरी नक्की सांगता येईल का?

तर पहिलं काम. तुला वर्षाला किती मिळतं, ते तुला माहीत आहे का? पत्रात कुठेच आकडा नाही, म्हणून विचारते. निर्माता तुला पैसे देताना कर कापून घेतो आणि तो तुझ्या पॅनवर भरतो. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर तुझ्या पॅनने लॉगिन केलंस की 26 एएस नावाचं पत्रक आणि वार्षिक माहितीचं विवरण दिसतं. कुणी, कोणत्या वर्षी, किती रक्कम दिली आणि त्यातून किती कर कापला, ते सगळं त्यात असतं. पासवर्ड दादाकडे असेल तर आधारच्या ओटीपीने नवा घेता येतो. आता हे बघ की आधारला जोडलेला मोबाईल नंबर कुणाचा आहे. तोही दादाचा निघाला तर आधार केंद्रावर जाऊन आधी तो बदल. रोख घेतलेल्या सुपाऱ्या त्या पत्रकात दिसणार नाहीत. त्यासाठी तुझ्या इन्स्टाग्रामवर जा. कोणत्या तारखेला कोणत्या गावात फीत कापलीस, ते तिथे फोटोंसकट आहे. एक वही कर आणि चार वर्षांच्या तारखा लिहून काढ.

हे दादावर संशय म्हणून करू नकोस. त्याला सांगूनच कर. “दादा, मला माझा हिशोब शिकायचा आहे, रविवारी दोन तास बस माझ्याबरोबर.” एवढंच म्हण. तो आनंदाने बसला तर तुझं अर्धं ओझं तिथेच उतरेल. त्याला राग आला, ‘माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणून तो उठून गेला, तर तेही तुला कळायलाच हवं होतं. त्यानंतर तुझं मानधन फक्त तुझ्या एकटीच्या नावाच्या खात्यात येईल, ज्याचं कार्ड, पिन आणि मेसेज तुझ्या फोनवर असतील, अशी व्यवस्था कर. तिथून घरखर्चाला किती द्यायचं ते तू ठरव, आणि भरपूर दे. दादाने तुझं काम सांभाळलं आहे, तर त्याला त्याचा ठरलेला मोबदला दे, लिहून दे. भावाला पगार देणं तुला विचित्र वाटेल. सगळं त्याच्या हातात असणं मला त्याहून विचित्र वाटतं.

करार काढून वाच. तो तुझ्याकडे नसेल तर निर्मात्यांच्या ऑफिसातून प्रत मागून घे, सही तुझी आहे. मुदत किती, सोडायचं तर किती दिवस आधी कळवायचं, मध्येच सोडलं तर काय भरावं लागेल, हे वकिलाकडून समजून घे. मालिकेत पैसे बहुधा तीन महिन्यांनी हातात पडतात, हे तू जाणतेस. म्हणजे आज काम थांबवलंस तरी काही महिन्यांचं येणं बाकी असेल, ते कोणत्या खात्यात पडणार ते आताच बघून ठेव. ‘सिंटा’ ही सिनेमा-टीव्हीच्या कलाकारांची संघटना 1958 पासून आहे. सदस्य नसलीस तर हो. थकलेले पैसे आणि कामाचे तास याबद्दल तिथे दाद मागता येते, आणि एकटीने निर्मात्याशी भांडण्यापेक्षा ते बरं.

आता नाशिकचं.

तो “तू फार दमलीयेस” म्हणाला आणि तू रडलीस. त्या रडण्याला मी खोटं म्हणणार नाही. चार वर्षांत ते तुला दुसऱ्या कुणी म्हटलेलं दिसत नाही. पण पुढचं वाक्य ऐकलंस का नीट? ‘काही करू नकोस.’ दमलेल्या माणसाला झोप हवी असते, सुट्टी हवी असते. त्याने त्यावर जन्मभराचा उपाय सांगून टाकला.

तू ज्या प्रसंगाने झोपली नाहीस, तो शेवटचा. मला त्या चित्रपटात जो प्रसंग अजूनही हलवतो, तो त्याच्या थोडा आधीचा आहे. उषा विनायक काळे नावाच्या श्रीमंत माणसाच्या मोठ्या घरी जाते. अमरीश पुरींनी तो काय संयमाने केला आहे! कुठे आवाज चढत नाही. घरात त्याची अंथरुणाला खिळलेली बायको आहे, आई आहे, मुलगा आहे. उषा त्या घराची बाई होते. सगळे तिला मान देतात, तो मुलगा तिला लळा लावतो, स्वयंपाकघर तिचं होतं. इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं, असं आपल्यालाही वाटायला लागतं. बघताना मलाही वाटलं होतं, बरं झालं, बाई सुटली. मग एक दिवस ती त्या मुलाला घेऊन जवळच्या जत्रेला निघते, आणि तिला कळतं की या घरातल्या बाईला बाहेर पडता येत नाही. जत्रेलाही नाही. तिथून सुटायला तिच्याकडे एकच वाट उरते, ती म्हणजे ज्या नवऱ्याचा तिला तिटकारा आहे त्या केशवलाच बोलावणं. निघताना काळ्यांची ती आजारी बायको तिला म्हणते की बिछाने बदलतात, स्वयंपाकघरं बदलतात, पुरुषांचे मुखवटे बदलतात, पुरुष मात्र बदलत नाहीत.

त्या बाईच्या वाक्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. मी बदललेले पुरुष पाहिले आहेत, माझ्या घरात पाहिले आहेत. पण ती जिथे पडून होती तिथून तिला तेवढंच दिसत होतं, आणि तिचं दिसणं खोटं नव्हतं. मला जास्त टोचतं ते दुसरं. इतक्या मोठ्या नटीला, जिचं पोस्टर मुंबईभर लागलेलं आहे, तिला एका घरातून बाहेर पडण्यासाठी बोलवायला दुसरं एकही माणूस नसावं. तिच्या नावावर काही असतं, तर ती टांगा करून स्टेशनवर गेली असती आणि तिकीट काढलं असतं. आईचा प्रश्न मला इथे कळला, वीस वर्षांनी.

हा मुलगा काळे आहे असंही मी म्हणत नाही. द्राक्षाचा शेतकरी वर्षभर कष्टणारा, पावसापाण्याला घाबरणारा, कर्ज काढून बाग उभी करणारा माणूस असतो. तो कदाचित मनापासून काळजीने बोलला असेल, आणि बायकोवर प्रेम म्हणजे तिला काम करू न देणं, एवढंच त्याने आपल्या घरात पाहिलेलं असेल. म्हणून त्याला मोठे प्रश्न विचारू नकोस. ‘लग्नानंतर मला करिअर करू द्याल का’ याला आजकाल सगळेच हो म्हणतात. छोटे विचार. चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेला मला तुमच्या पुतण्याला घेऊन एकटीने जायचं असेल, तर कुणाला विचारावं लागेल? पुण्याला नाटक बघून रात्री दोनला परत आले तर दार कोण उघडेल आणि काय म्हणेल? गाडी आहे घरात, आई चालवतात का? वहिनींचं माहेर किती लांब, आणि वर्षातून किती वेळा जातात? माझे आत्तापर्यंतचे पैसे माझ्याच नावावर राहतील ना? आणि हो, काम सोडायचं की नाही ते मी लग्नानंतर वर्षभराने ठरवीन, चालेल का?

त्याच्या घरी जा. दिवसभर राहा. बैठकीत पाहुणी म्हणून बसू नकोस, स्वयंपाकघरात जा आणि तिथल्या बायकांशी बोल. किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत ते तिथे कळतं. त्याच्या आईला जाऊ दे, थोरल्या जावेला विचार की त्या शेवटचं एकट्या कुठे गेल्या होत्या. तिला उत्तर आठवायला वेळ लागला, तर तुझं उत्तर मिळालं.

आणि घाईने हो म्हणू नकोस. तू आत्ता आगीतून बाहेर पळणाऱ्या माणसासारखी आहेस, समोर दिसेल ते दार उघडशील. उषाने प्रत्येक वेळी हेच केलं. केशवचं घर नको म्हणून राजनचा आधार, मग एका दिग्दर्शकाचं बोलणं, मग काळ्यांचं घर. प्रत्येक वेळी तिला वाटलं की हे घर आपलं असेल. एकदाही तिने भाड्याची का होईना, स्वतःची खोली घेतली नाही. ती हॉटेलात उतरायची, तेही घरातून भांडून बाहेर पडल्यावर.

तो शेवट मी तुझ्यापेक्षा थोडा वेगळा बघते, तेही सांगते. मुलगी मोठी झालेली असते, ती म्हणते, आमच्याकडे चल. उषा नाही म्हणते. सगळे या शेवटाला हार म्हणतात. मला वाटतं, ज्या बाईने आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या छपराखाली जायला हो म्हटलं, तिने पहिल्यांदा एका चांगल्या, प्रेमाच्या छपरालाही नाही म्हटलं. तो एकटेपणा भयंकर आहे, मी तो गोड करून सांगणार नाही. हंसाबाईंच्या खऱ्या आयुष्यात तर तो फारच महाग पडला. दारूबद्दलही त्यांनी काही लपवलेलं नाही, आणि 1971 मध्ये त्या गेल्या तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. पण जाण्याआधी त्यांनी एक केलं, जे पडद्यावरची उषा करत नाही. त्यांनी सगळं बोलून दाखवलं. अरुण साधूंनी ते शब्दांत उतरवलं, ‘माणूस’ या नियतकालिकात आलं, 1970 मध्ये ‘सांगत्ये ऐका’ नावाने पुस्तक झालं. ते नाव त्यांच्याच 1959 च्या गाजलेल्या तमाशापटाचं. पुस्तक मिळवून वाच. चित्रपटापेक्षा ते जास्त धीट आहे, आणि त्यातली बाई तुला चित्रपटातल्या बाईइतकी हरलेली वाटणार नाही. निदान मला वाटली नाही.

भाचीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, शेवटी, जाता जाता. मला ती ओळ तुझ्या सगळ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची वाटली.

बाळाचा चेहरा जाहिरातीत दिसणं वाईटच, असं नाही. पण तुझ्या घराला एका चेहऱ्यावर जगायची सवय झाली आहे, आणि तू थांबायचं म्हणतेस तेव्हाच दुसरा चेहरा शोधला जातो आहे. दादाला हे जाणवतही नसेल. वहिनीशी बोल, ती त्या मुलीची आई आहे. आणि दोघांना कायदा सांग. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि 2017 मध्ये नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला चित्रीकरणात घ्यायचं तर निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त विश्रांतीशिवाय नाही, सलग 27 दिवसांहून जास्त नाही. शाळा बुडता कामा नये. मिळालेल्या पैशातले निदान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्या मुलाच्याच नावाने मुदत ठेवीत टाकावे लागतात. आणि मुलाच्या मनाविरुद्ध त्याला कामाला लावता येत नाही, हेही नियमातच आहे. कुणी तिला विचारलं आहे का? तू विचार. मांडीवर घेऊन, फोन बाजूला ठेवून विचार, आणि ती नको म्हणाली तर त्या घरात तिच्या बाजूने बोलणारी तू हो.

तिच्या पहिल्या चेकचे 20 टक्के कुठे आहेत, ते दादाला विचारशील तेव्हा तुझ्या स्वतःच्या चार वर्षांबद्दल विचारणंही सोपं जाईल.

हनुवटी. माझं ऐकशील तर पुढचे तीन महिने चेहऱ्याबाबत कोणताही निर्णय घेऊ नकोस. झोप नीट लागत नसताना उलटवता येणार नाही असा निर्णय घेऊ नये, आणि सुईने किंवा सुरीने केलेलं काम सगळंच उलटत नाही. तुला सांगणाऱ्या माणसाला नम्रपणे सांग, “डॉक्टरांनी सध्या काही करू नका म्हटलंय.” डॉक्टरकडे तू जाणारच आहेस, म्हणजे ते खोटंही नाही. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव. कमेंट कुणीतरी वाचायलाच हव्यात असं चॅनेलचं म्हणणं असेल, तर ते काम पगारी माणसाला दे.

पुरुषोत्तमची म्हातारी मात्र मला फार आवडली. तू एकोणीस-वीस वर्षांची असशील. केसांना पांढरं लावलेलं, पाठीत वाक, नऊवारी, आणि तुझ्या हनुवटीकडे कुणीही बघत नव्हतं. सगळे त्या म्हातारीकडे बघत होते. तू त्या दिवसांसाठी रडतेस, म्हणजे तुला कामाचा कंटाळा आलेला नाही. चार वर्षं एकच साडी, एकच अश्रू, एकाच कोनातला चेहरा, याचा आला आहे. स्मिता पाटील ‘भूमिका’च्या वेळी तुझ्याहून लहान होती, बावीसच्या आसपास. त्याआधी ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची. त्या वयात तिने पोरसवदा मुलीपासून लग्नाच्या मुलीच्या आईपर्यंत सगळी उषा केली, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. दिसण्यावर निवड झाली असती तर त्या काळच्या मापात ती सावळी मुलगी बसलीच नसती. त्या चित्रपटात तिच्या आईचं काम करणाऱ्या सुलभा देशपांडे बघ. अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्याबरोबर त्यांनी 1971 मध्ये ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था उभी केली, दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात वर्षानुवर्षं नाटकं केली. तिथे पैसा नव्हता, होर्डिंग नव्हतं. पण माणसं रात्री नाटक करून घरी जायची ती भरलेली जायची. मी त्या सभागृहात बाकावर बसून नाटकं पाहिली आहेत, म्हणून हे ऐकीव सांगत नाही.

तुला महिन्याला चार-पाच दिवस मोकळे मिळतात आणि ते सुपाऱ्यांत जातात. त्यातला एक दिवस कापून टाक. दादाला सांग की तो दिवस विकायचा नाही. त्या दिवशी दीनानाथ किंवा यशवंत नाट्यगृहात जे लागलं असेल त्या नाटकाचं तिकीट काढ, मागच्या रांगेत बस. दोन-तीन महिने नुसतं बघ. मग तुझ्या एकांकिकेतल्या मुलांपैकी कोण मुंबईत आहे ते शोध. त्यांच्यापैकी कुणीतरी अजूनही नोकरी सांभाळून रात्री तालमी करत असणार. तिथे जा. कदाचित ते तुला आधी पडदा ओढायला सांगतील. ओढ.

मालिका सोडायची का, याचं उत्तर मी आज देत नाही, कारण झोप, हिशोब आणि करार या तिन्ही गोष्टी हातात नसताना दिलेलं कोणतंही उत्तर तुला पुन्हा कुणाच्या तरी दारात नेऊन उभं करील. सहा महिन्यांनी, खात्यात वर्षभराचा खर्च पडलेला असताना ‘सोडते’ म्हणालीस, तर मी पेढे वाटीन. ‘नाही सोडत, ट्रॅक बदलून मागते’ म्हणालीस तरी वाटीन. नाशिकला जायचं म्हणालीस तरीही, फक्त आपल्या पैशाने तिकीट काढून जा आणि परतीचंही काढून ठेव.

आज रात्री त्याचा फोन येईल तेव्हा सप्तशृंगीच्या यात्रेचा प्रश्न विचार. हसत हसत विचार. तो जे म्हणेल ते शब्दाला शब्द लिहून मला पाठव.

तुझी,
मावशी